तीन मोटरींची साक्ष

१

कौतिक सपकाळेंचा उजवा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा बटनांजवळ फक्त गायत्री उभी होती.

निंबोल्यात एवढी एक गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी झाली होती. शेड मधुकर चौधरींची. केळीचा घड कापून नेला की शेतात नुसतं खोड उरतं. ते इथे आणायचं, त्याच्या लांब पट्ट्या सोलायच्या आणि दोन रुळांच्या मशीनमध्ये सरकवायच्या. रूळ पट्टीतला गर खरवडून टाकतात आणि हाती पांढरा धागा उरतो. पट्टी लावायचं काम कौतिकभाऊंचं. पट्ट्या देणं आणि भिंतीवरची दोन बटनं सांभाळणं, हिरवं चालू नि लाल बंद, हे गायत्री तायडेचं. थोड्या अंतरावर पंख्याखाली बसून सुनीता ओला धागा विंचरायची. सोमवारी दुपारी बाकीच्या बायका खोडं आणायला शेतात गेल्या होत्या, शेडमध्ये हे तिघंच होते.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातून कौतिकभाऊंनी ठाण्याच्या माणसाला सांगितलं ते असं: "मशीन थांबलं. पट्टी आतच अडकेल होती. मले वाटलं, गायत्रीनं पाहिलं अन् लाल बटन दाबलं. तिच्या भरवशावर मी हात घातला. अन् तिनं चालू केलं."

गायत्री म्हणाली, "मी बंद बी नाही केलं, अन् चालू बी नाही केलं. मी खाली वाकून पट्टी उचलत होते."

यावर शेडचा मुकादम धर्मेंद्र सगळ्यांसमोर हसला होता. "म्हणजे काय, मशीन आपल्या मनानं थांबलं अन् आपल्या मनानं चाललं? भूत लागलं का त्याला?"

वीज गेली होती म्हणावं, तर पंखा फिरत होता आणि दिवे लागलेले होते. ते सुनीताही नाकारत नव्हती. वर त्याच सकाळी कौतिकभाऊ आणि गायत्रीचं कडाक्याचं भांडण झालेलं. लोकांनी दोनात दोन मिळवले.

बुधवारी मधुकरशेठनी गायत्रीला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "घाईत माझ्या हातून बटन दाबलं गेलं, एवढंच लिहिलंय. सही कर. कौतिकच्या दवाखान्याचं मी पाहतो, ठाण्यातलंही मिटवतो. तुलाही त्रास नाही."

"जे माझ्या हातून झालंच नाही, त्याच्यावर सही कशी करू?"

"हट्ट करू नको, बेटा. त्यानं स्वतः तुझं नाव घेतलंय. सही नाही केली तर उद्यापासून तुला इथं ठेवता येणार नाही मला."

गायत्रीने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"नका ठेवू. पण मी बी गप्प बसणार नाही."

ती दाराबाहेर पडली तेव्हा सुनीताने मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि धर्मेंद्रला बघून पुन्हा विंचरायला लागली.

२

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात मालती महाजन हे नाव सांगितलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आयुष्यभर विजेच्या मोटरी शिकवल्या. निवृत्त झाल्यावरही कुठल्या कारखान्यात आग लागली, कुणाला करंट बसला, की ठाण्यातून त्यांनाच फोन जायचा. आवाज खणखणीत, नजर बारीक, आणि समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची वाईट सवय.

गायत्रीचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भांडण कशावरून झालं?"

"जाळीवरून. रुळांवर लोखंडी जाळी होती. धर्मेंद्रभाऊंनी ती काढून टाकली, पट्टी लवकर सरकते म्हणून. मी कौतिकभाऊंना म्हटलं, जाळी लावल्याशिवाय काम करू नका. ते म्हणे, कालची पोरगी मले काय शिकवून राहिली. मग मी पण बोलले. फार बोलले."

"म्हणजे राग होता."

"होता. नाही म्हणणार नाही."

"हे लपवलं असतंस तर मी तुला चहा पाजून परत पाठवलं असतं." मालतीबाई उठल्या. "माझ्याकडून काय पाहिजे तुला?"

"मला दया नको, मॅडम. तुम्ही बघा. चूक माझी निघाली तर मी स्वतः ठाण्यात जाऊन सांगेन. नाही निघाली, तर त्या कागदावर ज्याचं नाव पाहिजे ते नाव लिहून द्या."

दुपारी दोघी निंबोल्याला पोचल्या. मधुकरशेठ बाईंचे जुने विद्यार्थी, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. गायत्रीला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण "या मॅडम, बसा मॅडम" सुरू झालं.

"बसायला नाही आले. मशीन चालू करून दाखवा. आणि आधी ती जाळी बसवा."

कोपऱ्यात पडलेली जाळी धर्मेंद्रने मुकाट्याने आणून लावली. मग तो मागच्या भिंतीवरच्या राखाडी पेटीकडे गेला, तिचं झाकण उघडलं आणि आतलं एक बारीक बटन दाबलं. रूळ एकदम झपाट्याने फिरले आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली.

दारात उभी असलेली गायत्री दचकून पुढे आली.

"मॅडम, हे आपलं मशीन नाही!"

"काय?"

"मशीन तेच आहे. पण आवाज हा नाही. आपलं मशीन हळूहळू उठायचं, गुरगुर करत. अन् इतकं जोरात कधीच पळालं नाही. हे कुणीतरी बदललंय."

धर्मेंद्रने पेटीतलं बटन दाबून मशीन बंद केलं. "रिकामं मशीन आहे मॅडम, पट्टी नाही ना आत. म्हणून तसं वाटतं तिला."

मालतीबाई भिंतीवरच्या हिरव्या बटनाकडे बघत होत्या.

३

"मधुकर, या शेडमध्ये मोटरी किती?" बाईंनी विचारलं.

"तीन, मॅडम. ही मशीनची, वरच्या पंख्याची, आणि बाहेर टाकीत पाणी चढवणारा पंप."

"आणि ती राखाडी पेटी?"

"इन्व्हर्टर. मशीनची मोटर तीन फेजची आहे आणि गावात आपल्याला लाईन एकच फेजची. ही पेटी एकाचे तीन करते. शिवाय वेग कमीजास्त करता येतो."

"मग त्या फळीवर बॅटरीशेजारी आहे तो?"

"तोही इन्व्हर्टर, पण घरगुती. लाईट गेली की पंखा आणि दिवे त्याच्यावर चालतात. जुना आहे, आमच्या घरचा."

"म्हणजे लाईट गेली तरी पंखा थांबत नाही, दिवे जात नाहीत."

मधुकरशेठ थबकले. "नाही जात."

"आणि तुम्ही सगळे म्हणता, पंखा चालू होता, म्हणजे लाईट होती."

मग बाईंनी सुनीताला बाहेर, टाकीजवळ नेलं. सुनीता पदराशी चाळा करत उभी राहिली. धर्मेंद्र दारातून दिसत होता.

"त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मशीन थांबलं तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

"काहीच नाही हो. पंख्याचा आवाज."

"कसा?"

"रडल्यासारखा. घूंऽऽ करत होता. मी वर पाहिलं बी, म्हटलं आता हा पडतो का काय डोक्यावर. तेवढ्यात कौतिकभाऊ ओरडले." तिने टाकीकडे बोट दाखवलं. "मग मी पाण्यासाठी पळाले. हाताला पाणी लावायचं होतं, फडकं भिजवायचं होतं. अन् नळाला पाणीच नाही! टाकी रिकामी. मशीन थांबायच्या मिनिटभर आधी पंप मीच चालू केला होता. चालू राहिला असता तर नळाला पाणी आलं असतं."

"पंप बंद कुणी केला?"

"कुणीच नाही. मी गेले तेव्हा तो बंदच होता."

"हे ठाण्याच्या माणसाला सांगितलंस?"

"त्यानं फक्त विचारलं, लाईट होती का. मी म्हटलं, होती." सुनीताने खाली बघितलं. "धर्मेंद्रभाऊ म्हणे, विचारलं तेवढंच बोल."

शेडमध्ये परतताच धर्मेंद्रने वाट अडवल्यासारखं विचारलं, "पंख्याचं सांगून राहिली ना ती? पंखा रोजच वाजतो, मॅडम. मशीनच्या गोंगाटात ऐकू येत नाही, एवढंच. मशीन थांबलं की ऐकू येतो."

बाईंनी वर बघितलं. मशीन बंद होतं, पंखा चालू होता. शेडमध्ये इतकी शांतता होती की बाहेर केळीची पानं फडफडल्याचं ऐकू येत होतं.

"मला तर नाही ऐकू येत," त्या म्हणाल्या.

धर्मेंद्रचा चेहरा क्षणभर उतरला.

"पंप चालू करा, मशीन चालू करा," बाई म्हणाल्या. "आणि सगळे जाळीपासून लांब उभे राहा. मी मेन स्विच पाडणार आहे."

४

मेन स्विच खटकन खाली आला.

रूळ मंदावले आणि थांबले. बाहेरचा पंप गप्प झाला. दिवे मात्र जराही लुकलुकले नाहीत. पंखा फिरत राहिला आणि त्यातून घूंऽऽ असा रडका आवाज यायला लागला. सुनीताने कानावर हात ठेवले. "हाच! हाच तो!"

"जुन्या बॅटरी-इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते," बाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दिव्याला त्याचं काही नाही. पंख्याच्या मोटरीला मात्र ती सोसत नाही. ती कण्हते, तापते, लवकर जळते. मधुकर, हा आवाज ऐकून तू इन्व्हर्टर बदलायला हवा होतास, ते पुन्हा कधीतरी. आज मला एवढंच कळलं, की सोमवारी दुपारी पंखा बॅटरीवर होता. म्हणजे लाईट गेली होती. मशीन त्यामुळेच थांबलं. लाल बटन कुणी दाबलं नाही."

गायत्रीने डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यातली अर्धी गोष्ट खरी ठरली होती.

"आणि इथल्या लाईनवर लाईट अशीच जाते, मिनिटभर," मधुकरशेठ पुटपुटले. "कुणाच्या लक्षातही राहत नाही."

"आता लाईट येते. बघा."

बाईंनी स्विच वर केला. पंख्याचं रडणं थांबलं. पंप बंदच राहिला. त्याच्या स्टार्टरची पकड वीज जाताच सुटली होती, पुन्हा बटन दाबल्याशिवाय तो चालणार नव्हता. टाकी रिकामी का राहिली, तेही कळलं.

सगळ्यांचे डोळे मशीनवर होते.

रूळ हलले नाहीत.

बाईंनी पुन्हा स्विच पाडला, पुन्हा लावला. मशीन थंड. गायत्री ओठ चावत उभी होती. तिला तिथेच ओरडावंसं वाटत होतं, चाल रे, चाल एकदा.

धर्मेंद्रने हाताची घडी घातली. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. "लाईट गेली असेल, मॅडम. मानलं आपण. पण लाईट आल्यावर मशीन आपणहून चालत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना दाखवलं. मग चालू कुणी केलं? बटनापाशी एकच जण होतं."

मधुकरशेठनी गायत्रीकडे बघितलं. त्या नजरेत कागद पुन्हा पुढे आला होता.

"मी करणार नाही सही," ती म्हणाली. कुणी विचारायच्या आतच.

५

बाजाराच्या रस्त्याला संतोषचं मोटर-वाइंडिंगचं दुकान. मशीनची राखाडी पेटी त्यानेच बसवली, असं मधुकरशेठनी सांगितलं होतं. तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा वास. बाईंना बघून त्याने स्टूल पुसलं. गायत्रीला बघून मात्र हातातला फडका तसाच राहिला.

"निंबोल्याच्या शेडमधला इन्व्हर्टर तूच बसवलास ना?"

"हो मॅडम."

"शेवटचा कधी गेला होतास?"

"अपघाताच्या आदल्या दिवशी. धूळ झाडायला."

"फक्त धूळ?"

संतोष फडक्याची घडी घालायला लागला. गायत्री काउंटरजवळ गेली. "संतोषभाऊ, कौतिकभाऊंचा हात गेला. त्यांना वाटतं मी घेतला. मला तुमच्याकडून काही नको. फक्त धूळ झाडली का, एवढं सांगा."

त्याने फडका काउंटरवर टाकला आणि म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ रोज फोन करून राहिले होते. लाईट जाऊन आली की दरवेळी बायकांना उठून बटन दाबावं लागतं, टाइम जातो. असं कर, की लाईट आली का मशीन आपणच चाललं पाहिजे. इन्व्हर्टरमध्ये तशी सोय असते, मॅडम. एक आकडा बदलायचा. मी म्हटलं, पंख्यात किंवा पंपात ठीक आहे, जिथं माणसाचा हात जातो तिथं हे करत नाहीत. करायचंच तर जाळी पक्की पाहिजे, चालू व्हायच्या आधी भोंगा वाजला पाहिजे, बोर्ड लावला पाहिजे, अन् सगळ्यांना सांगितलं पाहिजे. ते म्हणे, हो हो, सगळं करतो, तू आकडा बदल."

"आणि तू बदललास."

"बदलला."

"भोंगा न बघता."

त्याने मान खाली घातली. गायत्रीने काउंटरची कड घट्ट धरली होती. सोमवारी वीज जाऊन आली ती त्या बदलानंतर पहिल्यांदाच. तिला सांगितलं नव्हतं, कौतिकभाऊंना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"अपघातानंतर तो आकडा तू पुन्हा पहिल्यासारखा केलास?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम, आईची शपथ. मी तिकडे फिरकलो पण नाही. भीती वाटत होती."

"आज मी मेन पाडून लावला. मशीन आपोआप चाललं नाही. शिवाय ते एकदम उठतं आणि शिट्टी मारत पळतं."

संतोषने चमकून वर बघितलं. "एकदम उठतं? मी तर हळू उठायचं सेटिंग केलं होतं, वेग पण कमी ठेवला होता. मला तो एक आकडा परत फिरवायचा असता तर बाकीच्याला हात लागलाच नसता. ही शिट्टी... मॅडम, कुणीतरी सगळंच पुसलंय. ज्याला नेमका आकडा माहीत नसतो, तो मोबाईलवर व्हिडिओ बघून पूर्ण इन्व्हर्टर रिसेट मारतो. कंपनीतून आला तसा कोरा होतो मग तो."

"कोरा झाला, की भिंतीवरची बटनं?"

संतोष उत्तर देणार होता, तोच थांबला. त्याला प्रश्नाचा रोख कळला होता.

"बंद पडतील. इन्व्हर्टर त्यांचं ऐकणारच नाही. पेटीच्या आतलं बारीक बटन दाबलं तरच चालेल."

मालतीबाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला. "दुकान बंद कर आणि चल आमच्याबरोबर. जे मला सांगितलंस ते तिथे सगळ्यांसमोर सांगायचं. तुझ्या चुकीसकट."

"माझं काय होईल, मॅडम?"

"जे व्हायचं ते. पण जे तू केलं नाहीस, ते तरी तुझ्या डोक्यावर येणार नाही. या मुलीला एवढंच तर हवं आहे."

६

शेडमध्ये आता ठाण्याचे हवालदार सुरेश यादवही येऊन उभे होते. बाईंनी वाटेतूनच फोन केला होता. कामावरच्या बाकीच्या बायका दाराशी जमल्या होत्या.

"गायत्री," बाई म्हणाल्या, "जाळी लागलेली आहे. जा, हिरवं बटन दाब."

गायत्री भिंतीपाशी गेली. ज्या बटनावर तिचं बोट होतं असं सगळं गाव म्हणत होतं, त्यावर तिने सर्वांच्या देखत बोट ठेवलं आणि दाबलं.

काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, जोर लावून. रूळ जागचे हलले नाहीत.

"बटन मेलंय," हवालदार म्हणाले. "मग हिनं चालू कसं केलं?"

"सोमवारी मेलेलं नव्हतं. नंतर मेलं," बाई म्हणाल्या. "अपघातानंतर कुणीतरी पेटी उघडली आणि तिच्यातलं सगळं पुसून टाकलं, कारण तिच्यात एक गोष्ट लपवायची होती. पुसताना ही बटनंही निकामी झाली. पुसणाऱ्याला ते नंतर कळलं असणार, मशीन चालवून बघताना. सोमवारपासून मशीन बंदच होतं, दुसऱ्या कुणालाही ते कळायचं कारण नव्हतं. मधुकर, ही बटनं चालत नाहीत हे तुला माहीत होतं?"

"नाही मॅडम. आत्ताच बघतोय."

"संतोष, तू इथे आलास?"

"नाही."

"आणि आज मी या दारातून आत आले, मशीन चालू करा म्हणाले, तेव्हा हिरवं बटन हाताच्या अंतरावर असताना एक माणूस त्याच्याकडे न बघता सरळ मागच्या भिंतीकडे गेला. पेटी उघडून आतलं बटन दाबलं. इथे काम करणाऱ्या कुणी आजवर ते बटन वापरलंय?"

"कधीच नाही," दाराशी उभ्या बायकांतून दोनतीन आवाज एकदम आले.

सगळ्यांच्या माना धर्मेंद्रकडे वळल्या.

"मी... मला वाटलं, मॅडमला पेटी दाखवावी," तो म्हणाला. "ह्याच्यात काय झालं? कोणतं बी बटन दाबा, मशीन चालू करायचं होतं ना? उगीच खाली फोकट..."

"संतोष, तुझा तो आकडा परत टाक."

संतोषने पेटी उघडली. एकेक सेटिंग परत आलं. वेग, हळू उठणं, भिंतीवरची बटनं, आणि शेवटी तो आकडा. बाईंनी गायत्रीला हिरवं बटन दाबायला सांगितलं. मशीन गुरगुरत, सावकाश उठलं. "हं, हे आपलं," सुनीता नकळत बोलून गेली.

"आता सगळ्यांनी मागे या. गायत्री, हात वर कर. दोन्ही. सगळ्यांना दिसू देत."

बाईंनी मेन स्विच पाडला. रूळ थांबले. पंखा रडायला लागला. शेडमध्ये कुणी हललं नाही. सोमवारी याच शांततेत कौतिकभाऊंनी हात पुढे केला होता.

स्विच वर गेला.

क्षणभर काहीच नाही. मग कुणाचाही हात न लागता रूळ गुरगुरले, हलले आणि फिरायला लागले.

एक बाई रडू लागली. गायत्री हात वर करून तशीच उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात तिने खाली घेतले नाहीत.

"पंख्याने सांगितलं की लाईट गेली," मालतीबाई म्हणाल्या. "पंपाने सांगितलं की ती परत आली तरी प्रत्येक मोटर आपणहून चालत नाही. आणि ही मोटर चालली, कारण तिला तसं शिकवून ठेवलं होतं. तिघींची साक्ष झाली. आता माणसाने बोलावं. धर्मेंद्र?"

तो खाली बसला.

"मले काय माहीत असं होईल म्हणून," तो म्हणाला. "माल कमी निघाला की शेठ मला बोलत. भोंगा लावणारच होतो, पुढच्या आठवड्यात. कौतिकभाऊंना पाहिलं अन् माझं डोकं चाललंच नाही. वाटलं, पेटीतलं काढून टाकू, कुणाला समजणार. मग कौतिकभाऊंनीच हिचं नाव घेतलं. मी काही सांगितलं नव्हतं त्यांना."

"पण तुम्ही हसलात," गायत्री म्हणाली. "सगळ्यांसमोर हसलात, भूत लागलं म्हणून. तुम्हाला माहीत होतं मी खरं बोलते, तरी."

मधुकरशेठ पुढे आले. "मॅडम, झालं ते वाईटच झालं. पण शेडमध्ये एवढ्या बायका काम करतात. प्रकरण बाहेर गेलं तर टाळं लागेल. गायत्री, तू उद्यापासून ये. तुझ्यावर काही दोष नाही, मी सगळ्यांना सांगतो. बाकीचं आपण घरातल्या घरात..."

"शेठ," गायत्रीने हात खाली घेतले. "तुम्ही माझ्यापुढे कागद ठेवला, तेव्हा मला एक प्रश्न पण विचारला नाही. काय झालं गं, एवढं पण नाही. जाळी काढली तेव्हा मी तुमच्याकडेच आले होते. तुम्ही म्हणालात, धर्मेंद्रला समजतं. आता घरातल्या घरात नाही. मी हवालदारसाहेबांबरोबर जाते अन् सगळं लिहून देते. तुमच्या नावासकट."

"मग शेड बंद पडली तर?"

"पडू द्या." हे सुनीता बोलली होती. तिचं तिलाच नवल वाटल्यासारखं ती थांबली, आणि मग सरळ उभी राहिली. "जाळी पक्की बसेपर्यंत, अन् मेनला कुलूप लागेपर्यंत, ज्याचा हात मशीनमध्ये त्याच्याच खिशात चावी, असं होईपर्यंत आम्ही कुणीच येणार नाही. अन् पंख्याचं मी पण लिहून देते."

७

दवाखान्यात कौतिकभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. मालतीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पंखा, पंप, पेटी. हवालदार खुर्चीवर बसून राहिले. गायत्री दाराच्या बाहेरच थांबली होती.

"तिले आत बोलवा," कौतिकभाऊ म्हणाले.

ती आली आणि पायथ्याशी उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या आपल्या मनगटाकडे.

"मी तुह्याकडे पाह्यलं बी नव्हतं," ते म्हणाले. "माझी पाठ होती. तरी मी सांगून दिलं, तूच केलं म्हणून. सकाळचं भांडण डोक्यात होतं."

"माझ्या पण होतं, भाऊ. मी पण वाईट बोलले होते."

"तू जाळीचं बोलली होतीस." त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "बरोबर बोलली होतीस."

हवालदारांनी तक्रार नव्याने लिहून घेतली आणि वाचून दाखवली: जाळी कुणी काढली, आकडा कुणाच्या सांगण्यावरून कुणी बदलला, पेटी कुणी पुसली, शेड कुणाची. गायत्रीचं नाव आता साक्षीदारांत होतं. मग त्यांनी शाईची डबी उघडली.

"डावा अंगठा द्या, काका."

कौतिकभाऊंनी डबीकडे बघितलं आणि डावा हात पांघरुणाखाली ओढून घेतला.

"अंगठा नाही."

"काका, उजवा हात तर..."

"मले सही येते. शाळेत गेलो व्हतो मी. इतके वर्षं सही करत आलो, अन् आज ह्या लोकांपायी अंगठाछाप होऊ? पेन द्या."

हवालदारांनी मालतीबाईंकडे बघितलं. त्यांनी आपल्या पर्समधून पेन काढून पुढे केलं. गायत्रीने कागद एका पुठ्ठ्यावर ठेवून त्यांच्यापुढे घट्ट धरला. डाव्या हाताला पेन धरता येईना. दोनदा निसटलं. दोन्ही वेळा कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण त्यांनी नजरेनेच नको म्हटलं होतं.

पहिलं अक्षर वाकडं झालं. दुसरं त्याहून वाकडं. घाम त्यांच्या भुवईवरून कागदावर पडला. नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. एकेक अक्षर काढत, दात आवळून, कौतिक सपकाळेंनी आपलं अख्खं नाव लिहिलं आणि वरची रेघ ओढली.

मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला आणि हवालदारांच्या हातात दिला.

"वाचता येतं ना?" त्यांनी विचारलं. "मग घेऊन जा."